भंगारात गेलं नाही म्हणून

मुलांनो, शाळेच्या सहलीत संग्रहालय कुणीकुणी पाहिलंय? हात वर करा पाहू! छान. आता तिथे काय काय पाहिलंत, ते कोण सांगेल? झाले ना हात खाली! पण त्यात तुमचा काही दोष नाही हं. दोन-दोनची रांग, पुढच्याच्या खांद्यावर हात, मागून "चला चला, पुढे सरका" आणि पंधरा मिनिटांत तीनशे वस्तू. सत्तर मुलं आणि दोन बाई असल्या, की दुसरं होणार तरी काय? एवढ्या घाईत घरच्या फडताळात काय आहे तेसुद्धा दिसायचं नाही.

म्हणून या वेळी आम्ही घरचीच मंडळी निघालो. मी, मुलांचे बाबा, चौथीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि आमचे अण्णा, म्हणजे मुलांचे आजोबा. शनिवारची सकाळची शाळा सुटली, की पारनेरहून एसटी पकडायची, संध्याकाळी सावेडीला नणंदेकडे मुक्काम करायचा आणि रविवारी दिवेलागणीला परत यायचं, असा बेत. गाव कुठलं? तर नगर! 2024 पासून त्याचं नाव अहिल्यानगर झालंय. ज्यांच्यावरून ते ठेवलं त्या अहिल्याबाई आपल्याच जिल्ह्यातल्या, जामखेडजवळच्या चौंडीच्या. पण कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो आणि आमच्याही तोंडात तेच बसलंय.

तुम्ही म्हणाल, नगरला काय पाहायचं? संग्रहालयं तर मुंबई-पुण्याला असतात! थांबा जरा.

गाडीत बसल्या बसल्या मी मुलांना सांगून टाकलं, की सगळ्या पाट्या वाचायच्या नाहीत आणि वहीत उतरवूनही घ्यायच्या नाहीत. वस्तू आवडली की तिच्यासमोर थांबायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, "हे कुणी ठेवलं?" कोणत्या राजाचं, कोणत्या सालचं, हे मागाहून कळतंच. पण एखादी वस्तू दोनशे वर्षं टिकली, याचा अर्थ तेवढा काळ कुणी ना कुणी ती फेकली नाही, वितळवली नाही, विकली नाही. तो माणूस आधी शोधायचा.

शनिवारी दुपारी आम्ही अहमदनगर ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात गेलो. हे 1960 साली सुरू झालं. जुनी शस्त्रं, नाणी, मूर्ती, पोथ्या, नकाशे, उलगडत जावी तेवढी संपेना अशी जन्मपत्रिका, आणि जुने कागद, ढीगभर कागद. धाकटा अर्थातच तलवारींकडे पळाला. मुलगी मात्र एका कागदापुढे थबकली. "आई, हे मराठी आहे का इंग्लिश?"

मराठीच होतं ते! पण मोडी लिपीतलं. मोडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलीसुद्धा नसेल. शिवाजी महाराजांच्या काळातली आज्ञापत्रं, पेशव्यांचे हिशेब, गावच्या कुलकर्ण्यांचं दप्तर, सावकाराची वही, सगळं या लिपीत. आधी कागदावर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला खालून अक्षरं लटकवत जायचं. हात शक्यतो उचलायचा नाही, त्यामुळे लिहायला भारी झपाट्याची. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत आणि पूर्णविरामही देत नाहीत. आणि ऐका गंमत! मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची कटकटच नाही. वेलांटी बहुधा दीर्घ, उकार बहुधा ऱ्हस्व. म्हणजे शुद्धलेखनाचे गुण कापायला बाईंना जागाच नाही! (हे वाचून तुम्ही उद्या वर्गात काय मागणी करणार, ते मला ठाऊक आहे. मिळणार नाही.)

मी अण्णांकडे पाहिलं. ते चष्मा कपाळावर सरकवून काचेला नाक लावून उभे होते. आज ते 84 वर्षांचे आहेत. त्यांच्या लहानपणी प्राथमिक शाळेत मोडी शिकवत. पुढे ती शाळेतून गेली आणि छापील पुस्तकांची बाळबोध, म्हणजे आपली ही देवनागरी, तेवढी उरली.

"अण्णा, लागतंय का काही?"

"बघू गं. हे 'मौजे' आहे. मौजे म्हणजे गाव. पुढचं गावाचं नाव... नाही लागत. हा आकडा बघ, सव्वाशे."

पाच मिनिटांत अण्णांना चार शब्द लागले. मुलं त्यांच्याकडे अशी पाहत होती, की जणू आजोबांनी टोपीतून ससा काढला! रोज ज्यांच्या शेजारी जेवायला बसतो त्या आजोबांना गुप्त भाषा येते, हे दोघांनाही त्या दिवशी कळलं. धाकटा तलवारी सोडून आला, यातच सगळं आलं.

त्या रात्री नणंदेकडे जेवणं झाल्यावर अण्णा म्हणाले, "आपल्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत एक रुमाल आहे." रुमाल म्हणजे खिशातला नव्हे बरं का! जुने कागद चौकोनी फडक्यात गुंडाळून ठेवत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. आमचा आपला एकच. पण त्याची गोष्ट पुढे सांगते. आधी रविवार.

रविवारी सकाळी रणगाडे! नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम 1994 साली सुरू झालं. भारतीय सैन्याचं चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा नगरलाच आहे, म्हणून हे संग्रहालयही इथे. मोकळ्या आवारात रांगेने रणगाडे उभे आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉईसची चिलखती मोटार आहे. ब्रिटिशांचे व्हॅलेंटाइन आणि चर्चिल आहेत, जपानी रणगाडे आहेत आणि आपल्या आवडीला बांधलेला विजयंताही आहे. आणि पाकिस्तानकडून लढाईत हस्तगत केलेले पॅटन.

पॅटनची गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना चटकन कळेल. 1965 च्या सप्टेंबरात पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर नावाच्या गावापाशी मोठी लढाई झाली. सगळीकडे उसाची शेतं. आपल्या सैन्याने कालव्याचं पाणी शेतांत सोडलं. आता राहुरी-श्रीरामपूरकडच्या मुलांनो, तुम्हीच सांगा, पाणी दिलेल्या उसाच्या फडात ट्रॅक्टर घातला तर काय होतं? आणि पॅटनचं वजन तर चाळीस टनांहून जास्त! उसाने गच्च भरलेले जवळजवळ तीन ट्रक एकावर एक ठेवल्यासारखं. अमेरिकेत तयार झालेले ते नामांकित रणगाडे चिखलात रुतले आणि उसात लपलेल्या आपल्या जवानांनी त्यांना टिपलं. असे कितीतरी पॅटन तिथे नादुरुस्त झाले, कितीतरी हाती लागले.

मुलांनी टाळ्या पिटल्या. मग धाकट्याने पट्ट्याच्या लोखंडी कड्यांना हात लावायला बोट पुढे केलं, मागे घेतलं आणि विचारलं, "आतल्या माणसांचं काय झालं?"

मुलांनो, या प्रश्नाचं उत्तर टाळू नये असं मला वाटतं. तुमच्या आईबाबांनीही टाळू नये. रणगाडा रिकामा पळत नाही. विजयंतात चार माणसं बसतात. एक चालवतो, एक तोफ डागतो, एक तोफेत गोळा भरतो आणि चौथा त्यांचा प्रमुख. आत उन्हाळ्यात भट्टी, कानठळ्या बसवणारा आवाज आणि बाहेर पडायला लहानशी झाकणं. गोळा लागून आत आग लागली तर काही जण बाहेर पडतात, काही नाही. आपलेही आणि समोरचेही. मी त्याला तसंच सांगितलं आणि मग अरुण खेत्रपाल यांची गोष्ट सांगितली. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट, वय 21. 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या लढाईत त्यांच्या रणगाड्याला आग लागली. मागे येण्याचा हुकूम आला. पण तोफ अजून चालत होती, म्हणून ते थांबले आणि लढता लढता तिथेच गेले. त्यांना परमवीर चक्र मिळालं, मरणोत्तर. त्यांच्या रणगाड्याचं नाव फामागुस्ता. तोही पुढे दुरुस्त करून नगरच्या चिलखती दल केंद्रात जपून ठेवला आहे.

"म्हणजे तो पण भंगारात नाही दिला," मुलगी म्हणाली. तिला प्रश्न बरोबर समजला होता.

धाकटा बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोलले नाही. लोक रणगाड्यापुढे उभं राहून दोन बोटं वर करून फोटो काढत होते. काढावा की फोटो, माझं काही म्हणणं नाही. पण तोफेच्या नळीला लोंबकळणाऱ्या पोरांना पाहून माझ्यातली मास्तरीण जागी झाली, ती झालीच.

दुपारी झाडाखाली बसून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खाल्ला आणि मग भुईकोट किल्ल्याकडे वळलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. आत जाता येईल की नाही याची आधी चौकशी करावी आणि मोठ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावं. आम्ही खंदकाच्या बाजूनेच हिंडलो, आणि गोष्टींना तेवढं पुरलं. याच तटाला 1596 साली मोगलांनी सुरुंगाने भगदाड पाडलं होतं आणि चांदबिबीने रातोरात ते बुजवून घेतलं. पुढे 1942 साली, "छोडो भारत"चा लढा सुरू होताच, इंग्रजांनी पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आणि इतर नेत्यांना आणून याच किल्ल्यात कोंडलं. नेहरू इथे मार्च 1945 पर्यंत होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हे त्यांचं पुस्तक त्यांनी इथेच लिहिलं. पण मुलांना पुस्तकापेक्षा दुसरीच गोष्ट आवडली. नेहरूंनी कोठडीपुढच्या ओसाड जागेत फुलझाडं लावायला घेतली. खणता खणता जमिनीखाली जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागायला लागले! आणखी खोल जायची त्यांना इच्छा, पण कैद्याने खोल खणलेलं तुरुंगवाल्यांना कसं चालेल? त्यांना वाटायचं, हा भुयार तर पाडत नाही ना!

खणण्यावरून आठवलं. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. 1974 साली तिथे एक जण झाडाचं खोड उकरत होता, त्याला जमिनीत काशाची चार शिल्पं सापडली. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. रथात एक माणूस उभा आहे आणि त्याच्यासोबत एक कुत्रासुद्धा! चारींचं वजन मिळून साठ किलोंच्या वर. हजारो वर्षांपूर्वीची ही शिल्पं आज मुंबई-दिल्लीच्या मोठ्या संग्रहालयांत आहेत आणि जगभरचे अभ्यासक ती पाहायला येतात. साठ किलो काशाला मोडीचा भाव किती आला असता, याचा हिशेब मुलांच्या बाबांनी तिथल्या तिथे तोंडी केला. फार नाही आला. (ही मोडी वेगळी हं, मोडीत काढायची!) माझं मत विचाराल, तर निदान त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या शाळेत असायला हव्यात. आपल्या गेंड्याला भेटायला आपल्याच मुलांनी मुंबई गाठायची, हे काही खरं नाही.

आता तो रुमाल. पुढच्या रविवारी बाबांनी माळ्यावर चढून पेटी खाली काढली. फडकं जीर्ण, आत सात कागद. दोनांना कसर लागलेली. अण्णांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, म्हणून मुलीने भिंग धरलं आणि मी ते सांगतील ते उतरवून घेतलं. तीन रविवार गेले. एक कागद जवळपास पुरा लागला. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवल्या होत्या, चार हिस्सेदारांत. त्या चौघांत एक नाव बाईचं निघालं! ही कोण, ते अण्णांनाही ठाऊक नाही. घरात कुणीच कधी तिचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण दुष्काळी मुलखातल्या विहिरीत तिचा चौथा हिस्सा होता. म्हणजे तिचा शब्द गावात चालत असणार. तिच्या नावापुढच्या दोन ओळी अजून लागलेल्या नाहीत. अण्णा म्हणतात, "अक्षर ओळखीचं वाटतं, पण हाताला येत नाही." म्हणून मुलगी आता त्यांच्याकडून मोडी बाराखडी शिकतेय. 'क' आला, 'र' अजून रुसलाय.

तुम्हाला आता एक काम. घरातली एक जुनी वस्तू शोधा. पायली, मापटं, अडकित्ता, जातं, कंदील, जुना कागद, काहीही. ती कुणी वापरली आणि कुणी ठेवली, हे घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारा आणि मला एका पानाचं पत्र पाठवा. कागद सापडले तर चिकटपट्टी लावू नका आणि उन्हातही ठेवू नका, स्वच्छ सुती कापडात गुंडाळा. वस्तूचं चित्र काढलंत तर शाईने काढा हं. पेन्सिलीचं छापताना उठत नाही.