विश्वस्त कोणाचा?

निवृत्तीकडे झुकलेल्या सुशिक्षित माणसाला आपल्याकडे एक आमंत्रण हमखास येते : ‘आमच्या संस्थेचे विश्वस्त व्हा.’ वर्षातून चार बैठका, पत्रिकेवर नाव आणि वार्षिक समारंभात पहिल्या रांगेतील खुर्ची. कौटुंबिक हिंसाचाराने पोळलेल्या स्त्रियांना निवारा देणाऱ्या एका संस्थेचे असे आमंत्रण मी काही वर्षांपूर्वी स्वीकारले, तेव्हा माझीही कल्पना याहून वेगळी नव्हती.

पहिल्याच बैठकीत भ्रम दूर झाला. विषयपत्रिकेवर लेखापरीक्षकाच्या शंका होत्या, रात्रपाळीच्या सेविकेचे थकलेले वेतन होते आणि निवारागृहाच्या मागच्या दाराचे मोडके कुलूप होते. त्या रात्री कोणी स्त्री निर्धास्त झोपणार की नाही, हे त्या कुलपावर अवलंबून होते.

खरी कसोटी पुढे लागली. एके दिवशी माझ्या जुन्या स्नेह्याचा दूरध्वनी आला. “सूनबाई दोन दिवस घरी नाहीत. तुमच्या संस्थेत आल्या आहेत का, एवढेच सांगा. बाकी काही नको.” तीस वर्षांचा घरोबा. त्यांच्या मुलाच्या लग्नात मी जेवलेलो. मी लगोलग अधीक्षिकांना विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, विश्वस्तांनाही ही माहिती द्यायची नाही, असा ठराव आहे. त्यावर आपलीही स्वाक्षरी आहे.”

मी खजील झालो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील नियमही हेच सांगतात. पीडितेची तशी इच्छा असेल, तर ती निवारागृहात आहे हे समोरच्या पक्षाला कळवता येत नाही. हे सारे मी वाचले होते. परंतु नियम परक्यांसाठी असतात आणि ओळखीच्या माणसाकरिता त्यांना मुरड घालता येते, हा आपल्या मध्यमवर्गाचा जुना रोग माझ्यातही होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १८ ते ४९ वयोगटातील विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसली आहे. देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या स्त्रिया मात्र केवळ १४ टक्के. या स्त्रिया दुसऱ्या कोणत्या जगात राहत नाहीत. त्या आपल्याच सोसायटीत, आपल्याच नातलगांत आहेत. म्हणूनच मारणाऱ्याच्या वतीने रदबदली करायला येणारा माणूसही बहुधा आपल्याच ओळखीचा असतो.

काही वाचक म्हणतील, कायद्याचा गैरवापरही होतो आणि अशा संस्था घरे मोडतात. गैरवापर झाला असेल, तर तो शोधण्यास न्यायालय समर्थ आहे. निवारा देणे म्हणजे निकाल देणे नव्हे. आणि घर मोडते ते पहिला हात उगारला जातो तेव्हा. बाई दार उघडून बाहेर पडते, ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. कुटुंबव्यवस्थेचा ज्यांना अभिमान आहे, त्यांनी या हाताविरुद्ध सर्वांत आधी उभे राहिले पाहिजे.

आपल्या माणसांची नाराजी पत्करण्याचा धडा महाराष्ट्राला नवा नाही. महर्षी कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा बहिष्कार घातला तो त्यांच्याच मुरुडच्या ग्रामस्थांनी. तरीही १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि लोकांच्या दारोदार फिरून त्यासाठी निधी जमवला.

अशा संस्थांना हिशेब जाणणारे, कायदा वाचता येणारे आणि वेळ देऊ शकणारे विश्वस्त हवे आहेत. निवृत्त बँक अधिकारी, सनदी लेखापाल, शिक्षिका यांनी अवश्य पुढे यावे. मात्र होकार देण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा. विश्वस्त म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकावा असा. तो कोणी टाकायचा? देणगीदाराने, शासनाने? त्या सर्वांच्या आधी, जिला आपले नावही ठाऊक नाही अशा त्या स्त्रीने.

माझे स्नेही त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. त्यांची सून आमच्याकडे आली होती की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. ते तसेच असले पाहिजे.