शिशुवर्गातील नाताळ

डिसेंबर लागला की मुंबई-पुण्याच्या शिशुवर्गांतून पालकांकडे सूचना जाऊ लागतात. लाल अंगरखा, लाल टोपी, पांढरा कापूस आणि वेष्टनात गुंडाळलेली एक भेटवस्तू, अशी यादी त्यांत असते. पूर्वी ही चिठ्ठी दप्तरातून येत असे, ती आता आईच्या भ्रमणध्वनीवर येते, एवढाच काय तो फरक. मग दुकाने पालथी घातली जातात, चार वर्षांच्या बाळाला तो पोषाख चढविला जातो, भर दुपारच्या उकाड्यात वर्गात कापसाचे बर्फ पडते, छायाचित्रे निघतात आणि नाताळ पार पडला असे सर्वजण समजतात. दुसरीकडे, हा सण आपला नव्हे, तो शाळेत नकोच, असे बजावणारा आवाजही अलीकडे चढू लागला आहे. या दोहोंच्या कात्रीत सापडलेल्या एखाद्या मुख्याध्यापिकेस सोपा मार्ग सुचतो. ती तो आठवडाच गुपचूप वगळून टाकते. आम्हांस या तिन्ही गोष्टी चुकीच्या वाटतात, आणि त्यांतल्या त्यात तिसरी अधिक. कारण पहिल्या दोहोंत निदान काही मत असते, तिसरीत नुसती भीती असते.

शिशुवर्गावर धर्माच्या नावाने संशय घेण्याचा प्रकार नवा नव्हे. फ्रेडरिक फ्रोबेल याने १८३७ साली जर्मनीतील ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी आपली संस्था उघडली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. प्रशियाच्या सरकारने १८५१ च्या ऑगस्टमध्ये या बागांवर बंदी घातली. आरोप काय, तर तेथे नास्तिकपणा आणि समाजवाद शिकविला जातो! फ्रोबेल हा एका ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाचा मुलगा. ईश्वरावर त्याची गाढ श्रद्धा. त्याच्या पुतण्याच्या एका पुस्तिकेचे खापर चुलत्याच्या माथी फुटले, असे पुढे उघड झाले. पण सरकारी हुकूम एकदा निघाला की तो मागे येण्यास वेळ लागतो. बंदी १८६० साली उठली. फ्रोबेल १८५२ मध्येच निवर्तला होता.

बंदीने जे मेले नाही ते फ्रोबेलचे हस्तव्यवसाय. कागद घडी करणे, कातरणे, टोचणे, कागदी पट्ट्यांची चटई विणणे, अशी कामे त्याने मुलांच्या हाती दिली आणि बालोद्यानांच्या शिक्षिकांनी ती युरोपभर नेली. जर्मनीत नाताळच्या झाडावर आजही एक कागदी तारा टांगतात, त्यास फ्रोबेलचा तारा असेच नाव आहे. त्याचा जनक फ्रोबेलच, असे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. पण नाव चिकटले ते उगीच नव्हे. सारख्या लांबीच्या चार पट्ट्या एकमेकींत गुंफावयाच्या, दुमडावयाच्या, पुन्हा गुंफावयाच्या. शेवटी सोळा टोकांचा तारा हाती येतो. डिंक नाही, टाचणी नाही. डेन्मार्कमध्ये नाताळच्या झाडावर दोन रंगांच्या कागदांची विणलेली हृदये लावतात. तेथील परीकथालेखक हान्स अँडरसन याने १८६० मध्ये केलेले असे एक हृदय अद्याप जपून ठेवलेले आहे.

आम्ही काही काळ शिक्षकी पेशात घालविला असल्यामुळे सांगतो, सोळा टोकांचा तारा पाच वर्षांच्या मुलाला जमत नाही. तो बाईंनी करावा आणि मुलांनी पाहावा. मुलांना चटई द्यावी. एक पट्टी वरून, दुसरी खालून, पुन्हा वरून. पुढच्या ओळीत याच्या नेमके उलट. तिसऱ्या ओळीला मूल चुकते, थांबते, उसवते आणि स्वतःशीच पुटपुटत नव्याने विणू लागते. त्या पुटपुटण्यात सम आणि विषम संख्यांची पहिली ओळख आहे. याउलट, छापील कागदावरच्या सांताक्लॉजच्या दाढीत कापूस चिकटविणाऱ्या मुलाला चुकण्याचीच सोय नसते. तेथे जे करावयाचे ते छापणाऱ्याने आधीच करून ठेवलेले असते. शिवाय ज्या घरात महिनाअखेरीस तांबडी टोपीही जड जाते, त्या घरचे मूल त्या दिवशी 'आजारी' पडते, हे शिक्षिका जाणतात. फक्त बोलत नाहीत.

कापसाच्या बर्फाविषयी तर काय बोलावे? लूकने आणि मत्तयाने ख्रिस्तजन्माची जी कथा सांगितली तीत बर्फ नाही आणि सांताक्लॉजही नाही. तीत प्रवासाने शिणलेले एक जोडपे आहे, उतारशाळेत न मिळालेली जागा आहे, गव्हाणीत निजविलेले मूल आहे, मेंढपाळ आणि तारा आहे. ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या मुलाला सांगावी आणि त्याने डोळे विस्फारून ऐकावी अशी आहे. कंसाच्या बंदिवासातील जन्माची गोष्ट ऐकलेल्या मुलाला तर ती फार परकी वाटू नये.

आणि परकी ती नाहीच. नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांकडून येऊन मराठीत इतका मुरला आहे की त्याचे मूळ विचारावे असे कोणाच्या मनातही येत नाही. ख्रिस्ताची कथा ओवीछंदात सांगणारे फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. ज्यांना मराठी वाचक फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो ते नारायण वामन टिळक ख्रिस्ती होते. वसईच्या पट्ट्यात, मुंबईच्या जुन्या गावठाणांत, गोव्यात नाताळ साजरा होतो तो कापसाशिवाय होतो. गोव्यात घरोघरी बांबूच्या कामट्यांवर पातळ कागद डकवून तारा टांगतात, त्यास नखेत्र म्हणतात. कामट्या त्याच, कागद तोच, खळही तीच, जिने आपण दिवाळीत आकाशकंदील करतो. तेथील ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळाला नेवऱ्या होतात. त्या म्हणजे आपल्या करंज्याच. ख्रिस्तजन्माचा गोठा मांडतात तेव्हा कित्येक ठिकाणी त्यापुढे हिरवळ दिसावी म्हणून दहाबारा दिवस आधी नाचणीसारखे धान्य पेरून ठेवतात. दिवाळीच्या किल्ल्यावर आळीव आणि मोहरी पेरणाऱ्या मराठी मुलाला ही युक्ती नव्याने शिकवावी लागणार नाही.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचे काम हाती घेतले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, तेव्हा परदेशी साधनांना पैसा नव्हता. खडे, शिंपले, बिया, पाने हीच त्यांची साधने झाली. त्या परंपरेच्या महाराष्ट्रात शिशुवर्गाला नाताळसाठी दुकानातून बर्फ आणावे लागावे, याचा विषाद वाटतो.

राहिला आक्षेपाचा प्रश्न. मध्यप्रदेशच्या बालहक्क आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये, पालकांच्या लेखी संमतीवाचून मुलांना सांताक्लॉज करू नये, असे शाळांना कळविले होते. संमतीचे तत्त्व आम्हांस अमान्य नाही. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानेच सांगितले आहे की, मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत कोणाही अज्ञान मुलास पालकांच्या संमतीविना धार्मिक शिक्षण घेण्यास वा उपासनेस बसण्यास भाग पाडता येणार नाही. प्रार्थना म्हणावयास लावणे निराळे आणि शेजाऱ्याच्या सणाची गोष्ट सांगून कागद विणणे निराळे, हा भेद घटनेला कळतो. तो आपल्याला का कळू नये? आणि पोषाखासाठी संमती हवी, तर ती गोकुळाष्टमीस मोरपीस लावताना हवी, तशीच डिसेंबरातही हवी. एकाच सणापुरता जागा होणारा नियम हा नियम नव्हे, इशारा असतो, आणि तो ज्याला द्यावयाचा त्याला बरोबर पोहोचतो.

आमच्या डोळ्यांपुढे आहे ती वर्गातली एकटीदुकटी ख्रिस्ती मुलगी. दिवाळीपूर्वी तिने इतरांच्या बरोबरीने कंदिलाला खळ लावली, पणत्या रंगविल्या, करंजीचा डबा वाटून खाल्ला. डिसेंबरात तिच्या घरी गोठा मांडलेला असतो आणि शाळेत त्याचा उल्लेखही नसतो. पाच वर्षांची मुलगी याचे कारण विचारीत नाही. आपल्या घरातली काही गोष्ट शाळेत बोलावयाची नसते, एवढे ती समजून घेते. आणि तिच्या शेजारच्या बाकावरची हिंदू मुलगी, जिच्यासाठी म्हणून हा सारा सावधपणा चालला आहे, तीही तेच समजून घेते. ज्यांना हा सण वगळावासा वाटतो त्यांनी या दोघींना काय उत्तर द्यावयाचे ते आधी ठरवावे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर, २०२२ मध्ये, तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्याचा भर खेळ, गोष्ट, हस्तकाम आणि मुलाचा परिसर यांवर आहे. तेव्हा शिक्षिकांना कोणाची परवानगी मागावयाची नाही. आजवर दिलेल्या खरेदीच्या याद्या मात्र रद्द कराव्यात, आणि वर्गात कोणाच्या घरी गोठा मांडला जात असेल तर त्या आईस किंवा आजीस एक दिवस बोलवावे. नेवऱ्या आल्याच तर अधिक उत्तम. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापावयास एक दुपार पुरे. नाचणी किंवा मोहरी करवंटीत पेरून बोटभर वर येण्यास आठदहा दिवस लागतात, आणि ती रोज मोजावयाची तर आज किती, काल किती, हे मुलांना भिंतीवरच्या कागदावर रेघा ओढून दाखविता येईल. पंचवीस तारखेस हिरवळ हवी असेल तर दाणे बारा-तेरा तारखेच्या आत मातीत पडावयास हवेत.