फोटोशेजारी आवाजही राहू द्या



गेल्या वर्षी पूर्णा येथे आमच्या आजीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. फोटोला हार घातला होता. नातवंडांनी विचारले, "आजी बोलायची कशी?" २००४ सालच्या घरच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये आजी पंगतीत आग्रह करताना दिसते, हे आम्हाला आठवत होते. मुलाने ती सीडी मागेच मोबाईलमध्ये उतरवली होती. गुगल फोटोजमध्ये २००४ साल उघडले. लग्नाचे फोटो त्याने तारखा घालून नीट लावले होते, पण शूटिंग तेथे नव्हते. तासाभराने ते सापडले २०२२ सालच्या जयंतीच्या मिरवणुकीच्या फोटोंत!

असे का होते? जुन्या व्हीसीडीतल्या फाईलमध्ये शूटिंगची तारीख नसते. ती ज्या दिवशी मोबाईलसाठी बदलून घेतली, त्या दिवसाची तारीख तिला लागते. व्हॉट्सअॅपवर आलेली क्लिप आलेल्या दिवशी जाऊन बसते. सॉफ्टवेअर तारीख पाहते. लग्न कोणाचे, हे त्याला काय ठाऊक!

तेव्हा एवढे करावे. सीडी संगणकात घातली की 'एमपीईजीएव्ही' नावाचे फोल्डर दिसते. त्यातील 'डॅट' फाईल संगणकात उतरवून घ्यावी. व्हीएलसी हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर ती चालवते आणि तिची एमपी४ फाईल करूनही देते. ती गुगल फोटोजमध्ये चढवावी. मग क्लिप उघडून बोट वर सरकवावे, तारखेवर दाबावे आणि खरी तारीख घालावी. आठवत नसेल तर लग्नपत्रिका काढावी. क्लिप आपोआप फोटोंशेजारी येते.

मात्र ही दुरुस्ती गुगल फोटोजपुरतीच असते. म्हणून फाईलच्या नावातच आधी साल, मग महिना, मग दिवस आणि गाव लिहावे. क्लिपमध्ये कोण कोण आहे, तेही वडीलधाऱ्यांना विचारून वर्णनात लिहावे. सांगणारे आहेत तोवरच हे काम होईल.

आणखी एक सावधगिरी. १ जून २०२१ पासून नवे फोटो आणि व्हिडिओ १५ जीबीच्या फुकट जागेत मोजले जातात. जागा भरली की मुले आधी मोठे व्हिडिओ पुसतात. बॅकअप झालेली क्लिप त्या अॅपमधून पुसली, तर ती मोबाईलमधून आणि खात्यातूनही जाते. कचरापेटीत फक्त ६० दिवस राहते. म्हणून मूळ फाईल पेनड्राईव्हवर ठेवावी आणि दुसरी प्रत लेकीच्या किंवा भावाच्या घरी द्यावी.

आमच्या आजीला सही करता येत नव्हती. तिच्या हातची एक ओळही घरात नाही. आहे तो तिचा आवाज, तोही दोन मिनिटांचा. आपल्या घरातही अशी एखादी सीडी कपाटात पडली असेल. येत्या रविवारी ती बाहेर काढा.