केसपेपरवर चुलीचीही नोंद हवी

धाप लागते म्हणून दवाखान्यात आलेल्या बाईला विडी-तंबाखूबद्दल विचारलं जातं. ती नाही म्हणते. मग खोकल्याचं औषध घेऊन घरी जाते आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे बसते. स्वयंपाक कशावर करता, हे कुणी विचारलेलंच नसतं.

ते विचारायला हवं. १९९० मध्ये भारतात सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसवणाऱ्या आजाराचे, सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाख झाले. लोकसंख्या वाढली, हे खरं. पण दर शंभर माणसांमागचं प्रमाणसुद्धा ३.३ वरून ४.२ वर गेलं. ही आकडेवारी 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१८ साली आलेल्या अभ्यासातली. त्यानुसार भारतातल्या सीओपीडीच्या ओझ्यात घरातल्या-बाहेरच्या दूषित हवेचा वाटा सुमारे ५४ टक्के, तर तंबाखूचा २५ टक्के आहे.

प्रदूषण म्हटलं की दिल्लीचं धुरकं आठवतं. गोवऱ्या, काटक्या, तुराट्यांचा धूर मात्र घरातच कोंडतो. त्यातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात, श्वासनलिकांना सूज येते आणि वर्षानुवर्षांच्या माऱ्याने त्या अरुंद होतात. बाई फुंकणी फुंकत असते तेव्हा लेकरूही बहुधा जवळच असतं.

उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली आणि कोट्यवधी घरांत गॅस पोहोचला. पण २०२२-२३ मध्ये या कुटुंबांनी वर्षाला सरासरी चारपेक्षाही कमी सिलिंडर भरून घेतले. चार-पाच माणसांच्या घराचं वर्ष तेवढ्यात निघत नाही, म्हणून गॅसशेजारी चूल पेटतेच. सिलिंडर भरणं गरीब घराला परवडेल, एवढं अनुदान सरकारने द्यायलाच हवं.

दगडखाणीतल्या मजुराची गत वेगळी नाही. दगड फोडताना उडणारी सिलिकाची धूळ त्याचं फुप्फुस कायमचं निकामी करते.

एकदा गेलेली फुप्फुसाची ताकद परत येत नाही, म्हणून निदान लवकर होणं महत्त्वाचं. त्यासाठी स्पायरोमीटरमध्ये जोरात फुंकून घ्यायची साधी तपासणी पुरते. रक्तदाब मोजावा तितक्या सहज ती प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी. निदान झाल्यावर इनहेलर, म्हणजे पंपही, तिथेच मोफत मिळावा. 'पंपाची सवय लागते' ही भीती काढायला आशाताईंना हाताशी घ्यावं. आणि केसपेपरवर व्यसनाच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने असावेत: चूल किती वर्षं पेटवली आणि धुळीत किती वर्षं काम केलं.