कोडिंगचा क्लास लावण्याआधी हा हिशोब करा

बारावीचा निकाल लागला की कोडिंग क्लासच्या जाहिराती मोबाईलवर सुरू होतात. भावासाठी ठेवलेलं सोयाबीन विकून फी भरायची वेळ येते. पण धडे फुकटही मिळतात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर प्रोग्रॅमिंगचे धडे आहेत, काही मराठीतही. केंद्र सरकारच्या 2017 पासूनच्या 'स्वयम्'वर शिकणं मोफत. फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची.

मग क्लासला पैसे कशाचे? अडलं तिथं चूक दाखवणाऱ्या माणसाचे. क्लासवाले नुसते व्हिडिओच दाखवणार असतील, तर पैसे पाण्यात.

दोन महिने रोज तासभर कॉम्प्युटरवर स्वतः कोड लिहून बघावा; नुसतं मोबाईलवर बघून हात बसत नाही. पोरगं टिकलं आणि तरीही अडलं, तर क्लास जरूर लावावा. फी मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावी आणि नोकरीची हमी देत असतील तर ती लेखी घ्यावी.