सेरोटोनिनचा पत्ता काय?

"केळं खा, सेरोटोनिन वाढतं, मूड मस्त राहतो." हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. केळ्यात सेरोटोनिन असतं, हे खरंय. पण रक्तातून ते मेंदूत शिरूच शकत नाही, दारावरच अडवलं जातं. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन तर आतड्यात असतं. तेच 'आनंदाचं रसायन' असतं तर आपल्या सगळ्यांचा आनंद खरोखरच पोटात मावला नसता!

माझा राग आहे तो या 'हॅपी हार्मोन' नावावर. १९४८ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते रक्तातून, रक्तवाहिन्या आकुंचित करणारा पदार्थ म्हणून. आनंदाचा तिथे काही संबंध नव्हता. सेरोटोनिन हा नुसता निरोप आहे. त्याचा अर्थ ठरतो तो घेणाऱ्या रिसेप्टरवर आणि तो रिसेप्टर मेंदूत कुठे बसलाय त्यावर. आमच्या भाषेत सांगायचं तर इव्हेंट एकच, हँडलर चौदा.

निरोप पाठवणाऱ्या पेशी जेमतेम काही लाख. त्या असतात ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, राफे नावाच्या पुंजक्यांत. त्यांचे धागे मात्र जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेत. २ए जातीचे रिसेप्टर कॉर्टेक्समध्ये दाट असतात. एलएसडीचे भास मुख्यतः त्यांच्यामुळेच होतात. लहान मेंदूत हे इतके कमी, की स्कॅन करणारे संशोधक तो भाग 'शून्य' धरून बाकीचं मोजतात. ३ नंबरचे देठाच्या खालच्या टोकाला, उलटीची सूचना देणाऱ्या भागात आहेत. केमोथेरपीच्या वेळी देतात ते ऑन्डॅनसेट्रॉन यांनाच अडवतं.

आणि १ए. हे आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये भरपूर आहेत, पण गंमत म्हणजे खुद्द राफेच्या पेशींवरही आहेत. तिथे ते ब्रेकचं काम करतात. सेरोटोनिन वाढलं, की पाठवणारी पेशीच हात आखडता घेते. चक्क फीडबॅक लूप!

ही नुसती ट्रिव्हिया नाही. माझ्या टीममधल्या एकाने डिप्रेशनच्या गोळ्या दहाव्या दिवशी परस्पर बंद केल्या. म्हणे, "मळमळतंय तेवढं, आनंद कुठाय?" या गोळ्यांनी सेरोटोनिन काही तासांतच वाढतं आणि मळमळ लगेच सुरू होते, कारण ३ नंबरवाले आतड्यातही असतात. राफेवरचा तो ब्रेक सैल पडायला मात्र काही आठवडे लागतात. गुण उशिरा येण्याचं हे एक प्रमुख स्पष्टीकरण मानलं जातं. 'हॅपी हार्मोन' ऐकून बसलेल्या माणसाला हे सुचणार कसं?

बरं, दुसऱ्या टोकाचेही लोक आहेत. 'सेरोटोनिन कमी म्हणून डिप्रेशन' याला ठोस पुरावा नाही, असा एक मोठा आढावा २०२२ मध्ये आला आणि लगेच 'गोळ्या म्हणजे थोतांड' सुरू झालं. अहो, कारण चुकीचं सांगितलं म्हणून औषध खोटं ठरत नाही. ५२२ चाचण्या एकत्र करणाऱ्या २०१८ च्या अभ्यासात २१ च्या २१ औषधं प्लासिबोपेक्षा सरस निघाली होती. फरक फार मोठा नव्हता, पण होता.

असो. मळमळ आधी येईल, बरं वाटायला काही आठवडे लागतील, डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. गोळी लिहून देताना एवढं सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही. आमच्या त्या मित्राला हे कोणीच सांगितलं नव्हतं.