मंजूर यादी आणि दप्तराची शुद्धता

दप्तर कितीही मोठे असो, त्याची विश्वासार्हता ठरते ती नोंद आत घेण्याच्या क्षणी. आणि अर्ज हाती घेताच अनुभवी कारकून जी छाननी करीत असे, ती आता संगणकातील लहानशा आज्ञावलीकडे आली असल्यामुळे, कोणते मूल्य स्वीकारावे याची मंजूर यादी तिला देणे हे प्रशासनाचे आद्य कर्तव्य होय.

यवतमाळ जिल्ह्यात तालुके १६. अर्जाच्या ‘तालुका’ या रकान्यात जे लिहिले असेल ते, मागचीपुढची मोकळी जागा काढून, या सोळा नावांशी ताडावे आणि जुळले तरच पुढे जाऊ द्यावे, इतकी ही तपासणी सोपी आहे. परंतु केळापूर तालुक्याचे मुख्यालय पांढरकवड्यास असल्यामुळे तेथील शेतकऱ्याने स्वाभाविकपणे ‘पांढरकवडा’ असे लिहिले, तर तो अर्ज परस्पर बाद करणारी आज्ञावली अन्याय करते आणि तसाच स्वीकारणारी पुढील प्रत्येक हिशेबात घोळ घालते. म्हणून अमान्य मूल्य कारणासह तत्काळ दाखवून यादीतून निवड करू देणे, हाच न्याय्य मार्ग.

तथापि यादीची मर्यादाही याच जिल्ह्याने दाखवून दिली आहे. आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या सुमारे दीड हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीच्या नावावर अवघ्या तीन महिन्यांत २७,००० हून अधिक जन्मनोंदी झाल्याचे २०२५ च्या अखेरीस उघडकीस आले. गावाचे नाव खरे होते. ते कोणत्याही मंजूर यादीशी जुळलेच असते. मूल्य ग्राह्य आहे की नाही एवढेच यादी सांगते, ते सत्य आहे की नाही हे सांगत नाही. नोंद करणारा अधिकृत आहे काय आणि नोंदींची संख्या लोकसंख्येशी सुसंगत आहे काय, हे प्रश्नही त्याच दारात विचारले गेले पाहिजेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरला असल्यामुळे ही दक्षता अधिकच निकडीची झाली आहे.

यास्तव प्रत्येक मंजूर यादीवर जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा व शेवटच्या दुरुस्तीची तारीख असावी, आणि मुद्दाम चुकीची मूल्ये घालून पारखल्याखेरीज कोणतीही आज्ञावली सरकारी कामकाजात दाखल करू नये, असा स्पष्ट हुकूम शासनाने काढावा.